कार्डाची मागची बाजू

रात्री दीडला लुमाण्णाला खानापुरात आणला.
वास्कोत सेंट्रिंगच्या कामावर होता,
चोर्ल्याचा घाट टेम्पोत ओकत चढून आला.
डोळे उघडे, पण बघत नव्हता.
भावाला अप्पा म्हणत होता,
आणि अप्पा जाऊन नऊ वर्षं झालेली.

लॅबवाला काचेवरून डोळा न काढता म्हणाला,
लई आहेत, सिस्टर.

वजन पाहिजे. उभा राहत नव्हता.
सातेरीला म्हटलं, भावाला उचल आणि काट्यावर चढ.
एकशे अठरा.
आता ठेव त्याला, तू एकटा चढ.
अडुसष्ट.
उरला तो लुमाण्णा. पन्नास किलो. दोन बाटल्या.

बाटलीत भुकटी, रांगोळीहून बारीक.
आधी सोबतच्या कुपीतलं सोड्याचं पाणी,
घाई असली तरी थेट सलाईन नाही.
हलव. उजेडाला धर.
पलीकडच्या कॅलेंडरवरची तारीख दिसली पाहिजे,
धुरकट राहिलं तर टाकून दे.
मग सलाईन. मग शिरेत, सावकाश.
तासाच्या आत. उरलं ते वाया.
दुपारला झाकून ठेवायला ती काय आमटी नव्हे.

हे मला नागरत्ना मॅडमनी कन्नडात शिकवलं,
मी मराठीत पाठ केलं.
हात थरथरला की शिवी मात्र कुठल्याही भाषेत निघते.

दोनला पहिलं. दुपारी दोनला दुसरं. परत रात्री दोनला.
तिसऱ्यानंतर त्यानं पेज मागितली
आणि भावाला सातेरी म्हणून हाक मारली.
मग तीन दिवस गोळ्या, खाऊन झाल्यावर.
सोमवारी घरी.

कार्ड मॅडमनी भरलं, कन्नडात, सुरेख अक्षर.
त्याच्या बायकोनं अंगारा घ्यावा तसं दोन्ही हातांनी घेतलं
आणि घडी घालून पिशवीत ठेवलं.
वाचता येतं?
मराठी शाळेत सातवी, म्हणाली, फरशीकडे बघत.
मी कार्ड परत मागितलं. मागची बाजू कोरी होती.

लिहिलं :
ताप गेला म्हणजे झालं असं समजू नये.
दर सोमवारी रक्त तपासायला येणे. चार सोमवार.
लघवी काळ्या चहासारखी, डोळे पिवळे, चार पावलांत दम,
तर त्याच दिवशी येणे. सोमवारची वाट बघू नये.
खाली माझा नंबर.
शुद्धलेखनाच्या दोन चुका आहेत, असू देत.

पहिल्या सोमवारी आला. दुसऱ्या सोमवारी नाही.
बरा माणूस दवाखान्यात कशाला येतोय.
बुधवारी पहाटे फोन :
सिस्टर, तुम्ही लिवलाय तसला चहा.

हिमोग्लोबिन सव्वापाच. काचेवर एकही किडा नाही.
सातेरी म्हणाला, मग औषधानंच केलं काय हे?
हा प्रश्न येणार हे ठाऊक होतं. उत्तर पाठ नव्हतं.

पानथरी माहीत आहे न्हवं, बरगडीखालची?
ती रक्ताची एकेक पेशी धरते,
औषधानं मेलेला किडा तेवढा उपसून टाकते,
आणि पेशीला परत सोडते, ठिगळ लावून.
ठिगळाचं कापड टिकणार किती? दोन आठवडे.
कधी कधी सगळी ठिगळं एकदम उसवतात.
सगळ्यांची नाही. ह्याची उसवली.

तो बराच वेळ गप्प.
म्हणजे परत कधी देऊ नका ते?
लागलं तर हेच देणार, मी म्हटलं.
आणि परत चार सोमवार.

बेळगावात दोन बाटल्या रक्त चढलं.
बदल्यात सातेरीनं एक दिलं, दुसरीला टेम्पोवाला.

कार्ड परत आलं तेव्हा घामानं मऊ झालेलं.
मॅडमनी उलटून बघितलं. काय लिहिलंयस?
वाचून दाखवलं.
दम म्हणजे दम्मु ना? त्या म्हणाल्या.
होय, तेच.

पुढच्या पेशंटचं कार्ड भरून झालं,
त्यांनी ते उलटं केलं, पट्टी घेतली,
मागे चार चौकोन आखले
आणि पेन माझ्याकडे सरकवलं.