लाल पेन

टेकाम सर शनिवारच्या एसटीनं फाट्यावर उतरतात.
पिशवीत न तपासलेले पेपर, कुणाचं रेशनकार्ड,
वनहक्काच्या दाव्याच्या तीन प्रती.
तिथून पोडापर्यंत दीड कोस सागातली वाट,
आणि त्यांची मराठी पातळ होत जाते.

विद्यापीठात म्हणे ते उच्चारांवर तासभर बोलतात.
इथं ओंडक्यावर बसून
मारू आणि जलपतच्या धुऱ्याचं भांडण ऐकतात,
मधेच विचारतात, "काय म्हणालास? पुन्हा म्हण."
जलपत चिडतो :
"सर, निकाल द्या न, शब्द काय मोजता!"

काल लचमाबाईला त्यांनी आपला कोश वाचून दाखवला.
छापलेला, पुठ्ठा बांधणीचा.
पान एकशे चौदावर ती हसली, तंबाखू सांडली.
पहाटे मोहाखाली जे होतं, त्याला सरांनी लिहिलं होतं :
फूल पडणे.
"पडते तो गोटा, बापू.
मोह तं देते."

सर बराच वेळ गप्प.
मग ज्या पेनानं आमचे अर्धे अर्धे मार्क कापले
त्याच पेनानं त्यांनी
स्वतःच्या पुस्तकात काट मारली,
आणि समासात तिचं नाव लिहिलं.

सोमवारी माझी जात पडताळणी.
समिती म्हणेल, चार शब्द बोलून दाखव तुझ्या भाषेत.
माझ्याकडे आता एक आहे.
फाट्यापर्यंत तोच घोळवत आलो.
"जीभ जराशी मागं," सर म्हणाले,
आणि एसटी, कधी नव्हे ती,
वेळेवर आली.