पेवात कंदील

हरिपूरच्या पेवात उतरायची एक रीत आहे.
माती बाजूला करायची, फरशी सरकवायची,
आणि मग काहीच करायचं नाही.
अर्धा दिवस नुसतं बसायचं चिंचेखाली.
मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा.
विझला, तर अजून थांबायचं.
घाई केलेले दोघे मी लहानपणी पाहिलेत,
हळदीवरच पडलेले, हळदीसारखेच गप्प.

मी तोलार होतो. सांगलीच्या पेठेत बावीस वर्षं.
त्यातली नऊ वर्षं माझा अंगठा
पारड्याला खालून टेकू देत होता.
पोत्यामागे पाव किलो. फार नाही.

अडत्याला हे सांगितलं रूबेननं, माझ्या भावानं.
खरं तेच सांगितलं.
अडत्यानं मला काट्यावरून उठवलं,
पोती शिवायला बसवलं.
भाऊ खरं बोलला, म्हणून
मी त्याच्याशी पुन्हा धड बोललो नाही.
आईच्या मातीला शेजारी उभे होतो,
मूठ टाकताना बोटाला बोट लागलं,
मी हात पँटला पुसला.

सुवार्ता म्हणायची, क्षमा करा आता त्यांना.
मी म्हणायचो, केली की.
नाताळात एकदा जेवायलाही बोलावलं, कोंबडी कापली.
अर्ध्या ताटावरून उठून गेला तो.
माझ्यात जो उतरेल तो गुदमरूनच वर येणार;
वरून फरशी बंद, आत हवा कुठली?

मिरजेच्या देवळात प्रभुभोजनाचं ताट यायचं,
मी ते पुढे सरकवायचो, निखारा सरकवावा तसं.
कुणी विचारलं तर दाताचं दुखणं सांगायचो.

मार्चमधला रविवार. हंगाम.
हात कितीही धुतले तरी पिवळेच.
शेजारी देवळाची झाडलोट करणाऱ्या मार्थाबाई.
मी ताट सरकवलं,
त्यांनी ते परत माझ्याकडे सरकवलं.
"हात पुढे कर."
"बाई, माझा हात..."
"ठाऊक आहे. माझीही हळद तूच तोललीस.
दहा गुंठ्यांतली होती. कर पुढे."

भाकरीचा चिमूटभर तुकडा.
काठाला अंगठ्याचा पिवळा डाग लागला.
डागासकट गिळला.

आभाळ वगैरे फाटलं नाही. पंखा कुरकुरत होता.
पण वरून कुणीतरी फरशी सरकवली, एवढं कळलं.
पेव आतून उघडत नाही कधीच,
आणि मी इतकी वर्षं आतूनच ढकलत होतो.

प्रार्थना मला नीट येत नाही.
एवढंच म्हणालो,
देवा, आता काट्यावर मी आहे,
खालून तुझा अंगठा असू दे.

त्याच आठवड्यात मार्थाबाईंच्या दारात
हळदीचं एक पोतं ठेवून आलो.
नको-नको म्हणाल्या नाहीत. घेतलं.
तेही बरंच झालं.

रूबेनकडे मात्र लगेच गेलो नाही.
हवा आत यायला वेळ लागतो.
पावसाळा गेला, शाळू पेरून झाला.
मग एका रात्री, कंदील सोडावा तसं
मनात त्याचं नाव हळूहळू खाली सोडलं.
थरथरलं.
विझलं नाही.

बुधगावात दार उघडलं त्याच्या धाकट्यानं.
मला ओळखलं नाही. "पप्पा, कोणतरी आलंय."
रूबेन ओट्यावर दाढी करत होता,
अर्ध्या गालाला साबण.
मी म्हणालो, तू खरं बोलला होतास.

तो आरशातच बघत राहिला.
वस्तरा मगात बुडवला, झटकला.
"सायकलवर आलास?"
"हो."
"गुडघा?"
"दुखतो."
"मग बस."

बसलो.
उरलेला गाल त्यानं फार सावकाश केला.
मला घाई नव्हती.