मूळ ग्राहक

कार्ड अजून आहे. तांदळाच्या डब्यात,
प्लास्टिकच्या पिशवीत, रेशनकार्डाच्या पोटात.
एका बाजूला इंग्रजी, दुसऱ्या बाजूला कन्नड,
मराठी कुठंच नाही, पण नाव तेवढं लावून वाचता येतं :
रावसू यल्लाप्पा भोई, तालुका हुक्केरी.
माल : छातीपर्यंतचा रबरी वेडर, नऊ नंबर.
मुदत : बारा महिने.

खडे बाजारात घेतला तेव्हा दुकानदारानं
पाय बादलीत बुडवून दाखवले,
आत हात घालून म्हणाला, बघा, कोरडा.
रावसूनंही हात घातला. मग मी घातला.
आत उन्हात ठेवलेल्या ट्यूबचा वास.
साडेतीन हजार. चिलापीच्या भावात किती किलो,
मी बसमध्ये यमकनमर्डीपर्यंत मोजत होते.

थंडीत तो हिडकलच्या पाण्यातून
कोरड्या पायांनी बाहेर आला
आणि दोन्ही पाय मला दाखवले,
नवरदेवानं बूट दाखवावेत तसे.
वीस वर्षं त्याच्या बोटांच्या बेचक्या
मी हळद-तेलानं भरत आले होते.

दहाव्या महिन्यात गुडघे गेले.
वेडरचे नव्हेत, त्याचे.
डॉक्टरनं फोटो उजेडाला धरला,
म्हणाला, गादी झिजलीय.
मी विचारलं, बदलून मिळते का?
मिळते, म्हणाला, आणि आकडा सांगितला.
त्यात साठ-सत्तर वेडर आले असते.

मग मी चढवला.
नऊ नंबरात माझा पाच नंबरचा पाय,
पुढं जुन्या लुगड्याचे बोळे,
खांद्याचे पट्टे गाठ मारून आखूड.
सोसायटीतली माणसं काठावरून हसली,
"वैनी, पिंपात बसून चाललासा काय?"
हसू देत. जाळ्याला ओढणारा हात लागतो,
कुणाचा ते जाळं विचारत नाही.

अकराव्या महिन्यात पाणी आत आलं.
डाव्या पायात, केसाएवढं.
मुदत शिल्लक होती. मी कार्ड घेऊन गेले,
तारखेवर बोट ठेवून दाखवली.
दुकानदारानं वेडर उलटा केला, सुलटा केला,
विचारलं, घालतं कोण?
मी खरं सांगितलं.
त्यानं चष्मा लावून बारीक ओळ वाचली :
मूळ ग्राहकापुरतीच. दुसऱ्याच्या अंगावर गेल्यास रद्द.
शिवाय तार, दगड, काटा, शिंपला, कडक ऊन
आणि पाण्यात फार वेळ वापर,
यांनी झालेली झीज धरली जाणार नाही.
"वॉरंटी बरंगिल्ल अक्का," म्हणाला,
वाईट वाटून म्हणाला, चहाही सांगितला.
मी चहा प्याले.
पाण्यात नाही तर कुठं घालायचा,
हे विचारायचं मला
संकेश्वरच्या स्टँडवर उतरल्यावर सुचलं.

तिथं मकतुम पंक्चरवाल्यानं हवा भरून
पाय हौदात दाबला. बुडबुडे आले.
"हे भोक न्हवं वैनी, झीज हाय.
कोणतरी रोज ह्याच गुडघ्यावर टेकत असंल."
टेकायचा. जाळं सोडवताना, डाव्यावर,
मासा मोठा असला तर जरा जास्त वेळ.
ट्रकच्या ट्यूबचा तुकडा, सोल्यूशन, वर वीट.
"किती दिवस टिकंल?"
"गळलं तर घिऊन या. मी हाय तवर फुकट."
ना कागद, ना शिक्का.
तीस रुपये.

त्यालाही दीड वर्ष झालं.
तुकड्याच्या कडेनं परत पाझर सुटलाय.
जाईन एक दिवस.
रावसू काठावर बसून बोया मोजतो,
थर्मासातला चहा एकटाच संपवतो,
ओरडतो, तिकडं जाऊ नको, खाली विहीर आहे.
मला माहीत आहे खाली कुठं काय आहे.

तो माझ्यापेक्षा वीतभर उंच.
त्याचा गुडघा माझ्या नडगीवर येतो.
रोज पहाटे पाणी
आधी तिथं लागतं, गार.