मागे घेताना

पुढे जाताना गाडी अगदी शहाणी.
मागे घ्यायची म्हटली
की करवतीखाली पत्रा सापडावा तशी किंचाळते.
पहाटे चारला जेरियास शिकारीला निघाला
हे मकोविकमध्ये कुणाला सांगावं लागत नाही:
आधी कुत्री उठतात, मग पाद्र्याकडचा दिवा,
मग आमच्या भिंतीतले खिळे.

तोंड बाहेर करून का लावत नाहीस, मी विचारलं.
वारा इंजिनात बर्फ भरतो, म्हणाला.
नाक आत, पाठ खाडीकडे,
स्नोमोबाइल अशीच बांधायची.

शनिवारी शेडमध्ये उणे एकतीस.
माझं काम बॅटरी धरायचं.
हात हलला की त्याच्या शिव्या,
नाही हलला की बोटं माझी राहत नाहीत.
चेनच्या पेटीचं झाकण निघालं,
तेल काकवीसारखं, सावकाश, आढेवेढे घेत उतरलं.
तळाच्या लोहचुंबकाला
करडी, मऊ लव आलेली.
त्यानं ती चिमटीत चोळली, उजेडात धरली.
पूड आहे, म्हणाला, तुकडे नाहीत.
म्हणजे दात शाबूत.

मागे जाताना चेनवरचा ताण
उलट्या बाजूला जातो,
आणि ती बाजू सैल होती, झोळीसारखी.
ताणाचा बोल्ट बोटांनी फिरेल तेवढा फिरवला,
मग पाव आटा परत सोडला.
सोडला कशाला?
फार आवळलेलं लवकर तुटतं, म्हणाला
(त्याचं अजून लग्न झालेलं नाही,
कुठून शिकला कोण जाणे).
नवं तेल. झाकण. दोरी ओढली.
करवत गेली.
जातं उरलं.

मग बोआसला बोलावलं.
चाळीस हिवाळ्यांच्या इंजिनांनी
त्याचे दोन्ही कान खाल्लेत.
आला, टोपीसुद्धा काढली नाही,
लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक पेटीला टेकवलं,
लाकडी मूठ दाढांत धरली
आणि डोळे मिटले.
दातांनी ऐकतो बोआस.
आम्ही गप्प राहिलो, उगीचच.
हाताची खूण. रिव्हर्स. पुन्हा खूण. पुन्हा रिव्हर्स.
मुठीवरची लाळ पुसत म्हणाला:
गिअरला काही झालेलं नाही. दांडी.

वर हँडल पूर्ण ओढलं जात होतं,
खाली दांडी दोन-तृतीयांशच पोचत होती.
दात दाताला टोकानंच धरत होता, निसटत होता,
पुन्हा धरत होता.
मधल्या बुशचं गोल भोक
झिजून अंडाकृती झालेलं.
नवं बुश विमानानं येणार, गुरुवारी,
धुकं हो म्हणालं तर.

बोआसनं कोपऱ्यातली जुनी घसरगाडी उलटी केली,
तिच्या धावेच्या पांढऱ्या प्लास्टिकचा तुकडा काढला
आणि सील सोलायच्या सुरीनं
नखाएवढं बुश कोरून दिलं.
मजुरी दोन मासे.
मोठे, असं बजावून.

सोमवार, पहाट. मी मुद्दाम जागी.
टक्.
एवढंच. कोटाची कळ लागावी तसं.
मग पट्ट्याखाली बर्फ थोडा कुरकुरला
आणि गाडी खाडीकडे निघून गेली.
एकाही कुत्र्यानं शेपटीतून नाक काढलं नाही.

सातला आईनं तीन कप भरले
आणि त्याच्या दारावर थाप दिली:
ऊठ, गाडी बिघडली म्हणून काय
दिवसभर लोळणार?
दार उघडलं. बिछाना थंड.
ती कप घेऊन तिथंच उभी, चहावर साय येईपर्यंत.
मला आत्ता कळलं, इतकी वर्षं
त्या किंचाळण्यात कूस बदलून
ती त्याचं नाव पुटपुटायची
आणि मगच पुन्हा झोपायची.

तो संध्याकाळी आला, पाच पांढरे तितर घेऊन.
आईनं पिसं काढायला घेतली.
वर न बघता म्हणाली,
उद्या जाताना दार आपट.

आपटतो.
आठवडाभरात बिजागरी सैल झाली आहे.
मी बॅटरी धरून उभी आहे.