रागाची वही

सुन्निव्हा दर दुसऱ्या गुरुवारी बोटीनं येते,
समुपदेशक. माझ्या लेकीहून लहान.
म्हणाली, तोरगुन, राग आला की नुसतं लिहून ठेवा:
किती वाजता, अंगात कुठे.
मी हसले. आमच्या वार्डोत
मासे मोजतात, राग नाही.

तरी लिहिलं.
मंगळवार, पावणेसहा. जबडा.
एइलर्टनं कपाटाचं दार आपटलं.
शुक्रवार, पावणेसहाच. पुन्हा जबडा.
त्यानं तर नुसती बशी ठेवली होती.

तिसऱ्या आठवड्यात पानं चाळताना
बोट थांबलं.
पावणेसहाला बाबांची होडी लागायची.
आम्ही चौघी, चमचे हवेत धरून,
ऐकत राहायचो, आज दार कसं लागतंय.
त्यावर ठरायचं, बोलायचं की नाही.

बाबांना जाऊन एकोणीस वर्षं झाली.
जबड्याला अजून कुणी कळवलेलं नाही.

सुन्निव्हाला सांगितलं. ती काही बोलली नाही.
पेन तेवढं खाली ठेवलं, अगदी हळू.

काल एइलर्टनं फ्रीज धाडकन लावला.
दात आवळले गेलेच.
मग म्हटलं, "दार लावताना
काहीतरी बोलत जा रे.
हवामान सांगितलंस तरी चालेल."

"वारा... ईशान्येचा," तो गोंधळून म्हणाला.