अस्वलाचा पंजा

बाणेरला, दुसऱ्या मजल्यावर
निहिराचा पाचवा वाढदिवस आटोपला.
मी पर्स उघडून उभी.
बिलात सर्व्हिस चार्ज धरलाय, तरी
द्यायचे किती? शंभर कमी दिसतात,
पाचशे म्हणजे सासूबाई विचारणार, "कशाचे?"

लग्नातल्या पाकिटाचं कळतं मला.
एकशे एक, पाचशे एक,
वरचा रुपया कशासाठी, तेही.
पण दोन तास अस्वल होऊन
अठरा पोरांना पाठीवर घेणाऱ्याचं
कुठल्या वहीत लिहून ठेवलंय?

शेवटी दोनशेची नोट चौघडी करून
मुठीत लपवली, जणू लाच,
आणि पुढे केली.

पंजाला बोटंच नव्हती.
नोट पडली फुग्यांच्या चिंध्यांत.
दोघंही वाकलो.
आतून आवाज आला,
"मॅडम, जरा हे डोकं ओढता का?"

ओढलं दोन्ही हातांनी.
आत घामानं निथळलेला,
नुकतं मिसरूड फुटलेला मुलगा.
"सुमेध," म्हणाला, मी विचारलं नव्हतं तरी.
"आधी पाणी मिळेल?"

निहिरानं तिची बाटली दिली,
गुलाबी, अर्धी भरलेली.
तो पीत होता तोवर
मी नोट उचलली, तिच्यात आणखी एक घातली
आणि पर्सच्या तळाशी
वरचा रुपया चाचपत राहिले.