चुकल्याचा एक

जिंकलो. तीन गुणांनी.
पण मोतीबागेच्या फाटकाबाहेर
कोणी लडी लावली नाही.
इरफानभाईच्या पंक्चरच्या दुकानापुढं
आडव्या टाकलेल्या ट्रकच्या टायरांवर आम्ही बसलो,
मयतीहून आल्यावर बसतात तसे.
चहा येईपर्यंत बोलायचं नाही.

चहा आला.
"गोल किती झाले आपले?" डोंगरवारांनी विचारलं.
त्यांना माहीत होतं. तीन.
"अन् अमरावतीवाल्यायचे?"
चार.
"मंग हे जितनं कोन्या हिशोबातलं व्हय, राजेहो?"

ओजस्वीनं वही काढली,
दहावीची पोर, गणिताची वही मागून सुरू केलेली.
तीन गोल, सहा-सहाचे, अठरा.
अकरा वेळा कडेच्या बांबूतून, एक-एक, अकरा.
एकोणतीस.
त्यांचे चोवीस, आणि चुकले फक्त दोनदा. सव्वीस.
"ते कमी चुकले ना काका, म्हणून हरले,"
ती म्हणाली, आणि पेन्सिलीचं टोक चावत बसली.

दोन वर्षं झाली हा खेळ आमच्या वस्तीत येऊन.
एक मास्तर पपईच्या आकाराचा चेंडू घेऊन आला होता.
मास्तरची बदली झाली, चेंडू राहिला.
क्रिकेटचंच मैदान, दोन्ही टोकांना चार-चार बांबू.
मधल्या दोघांतून मारला तर सहा,
कडेच्या फटीतून गेला तरी एक.
गोली नाही, ऑफसाइड नाही,
टप्पा पडल्यावर कुठं उसळेल
ते चेंडूलाही ठाऊक नाही.
पहिल्यांदा आम्ही पोट धरून हसलो.
मग रविवार त्यातच जायला लागले.

"त्या निकेश मडावीचा उजवा पाय भंगारात द्या,"
फिलोमिनाबाई बशीतला चहा फुंकत म्हणाल्या.
"सात वेळा मारला. सातही वेळा मालधक्क्याकडं.
मालगाडीत टाकाचा होता का बॉल?"
तिसऱ्या डावात सगळे एकाच जागी गोळा झाले,
रेशनच्या दुकानावर साखर आल्यासारखे.
मुठीनं मारून द्यायचा चेंडू
दोघांनी सरळ फेकला, शिट्ट्या खाल्ल्या.
दम नाही, पाणी वेळेवर नाही,
कप्तान ओरडतो पण कोणाला, ते कळत नाही.
असं अर्धा तास.
ऐकणाऱ्याला वाटलं असतं, वीसनं हरून आलेत.

"अन् गजभियेचा प्रज्वल?" कोणीतरी हळूच म्हणालं.

शेवटचा मिनिट. आपल्याच बांबूंपुढं
तो त्यांच्या धिप्पाड पोराच्या खांद्यावर गुडघा देऊन
वर गेला, आणि वरच राहिला थोडा वेळ,
पतंग काढायला गच्चीच्या कठड्यावर चढल्यागत,
आणि चेंडू छातीशी.

त्यावर कोणी टीका केली नाही.
इरफानभाईनं हातातला पाना खाली ठेवला,
परत उचलला.

मला सांगायचं होतं
की एकतीस वर्षं मी आरएमएसमध्ये रात्रपाळीला पत्रं वाटली,
पत्ता चुकलेल्यांनाही एक खण असायचा तिथं,
पहाटे त्यांचीही मोजणी व्हायची, सहीनिशी.
"झाला सुरू पोस्टमन," डोंगरवार म्हणाले.
मी पोस्टमन नव्हतो कधी. पण असो.

तेवढ्यात पोरं आली रस्त्यानं,
खांद्यावर आठ बांबू.
मंडपवाल्याला सातच्या आत परत द्यायचे होते.
निकेश सगळ्यात मागं, खाली मान.
"काका, कसं वाटलं?"
डोंगरवारांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.
"बेकार," म्हणाले,
आणि आपला अर्धा चहा त्याच्या हातात दिला.

पोरं वळल्यावर
ते ओजस्वीच्या कानाशी वाकले,
"काय वं, पुढच्या रविवारी वर्धा हाये नं.
थे कडेचे बांबू
जरासे लांब गाडता नाई येनार का?"